लाखोळीपासून प्लास्टिकच्या तांदळापर्यंत : खाण्याविषयीच्या भीतीची पारख कशी करावी?

मोहफूल (साकोली, जि. भंडारा)

आमच्या पंचक्रोशीतल्या गटांवर खाण्यापिण्याविषयी जे संदेश फिरत असतात त्यांचा सूर एकच असतो : अमुक पदार्थ विष आहे, तमुक पदार्थाने कर्करोग होतो, सरकार आणि कंपन्या मिळून आपल्याला हळूहळू मारत आहेत आणि हा संदेश ताबडतोब पुढे पाठवा. मिठात सायनाइड, राशनच्या तांदळात प्लास्टिक, दुधात डिटर्जंट, टरबुजात रंगाचे इंजेक्शन, सरकीच्या तेलात बीटी (जनुक बदललेल्या) कपाशीचे विष अशी ही यादी वाढतच चालली आहे. हे सगळेच खोटे आहे असे म्हणण्यासाठी मी हा धागा काढलेला नाही. त्यातले काही पूर्ण खोटे असते, काही अर्धवट खरे असते आणि एखादा इशारा अगदी खराही असतो. पण सगळ्यांची ओरड सारखीच असल्यामुळे खरा धोका कोणता हे सामान्य माणसाला कळेनासे होते, आणि मला काळजी वाटते ती याचीच.

आपल्या धानाच्या पट्ट्यात या प्रश्नाचा विचार करायला लाखोळी या डाळीइतके चांगले उदाहरण नाही. धान कापणीला आले की बांधीतल्या ओलीवर लाखोळी फेकायची. नांगरट नाही, खत नाही, वेगळे पाणी नाही, आणि तरीही आधी कोवळ्या शेंड्यांची भाजी, मग डाळ आणि शेवटी जनावरांना कुटार मिळते. या डाळीत बीटा-ओडॅप नावाचे द्रव्य असते, ज्याने मज्जासंस्थेवर परिणाम होऊन पाय ताठरतात आणि माणूस कायमचा अधू होतो. या आजाराला लॅथिरिझम म्हणतात आणि तो कुणाच्या कल्पनेतून आलेला नाही. 1829 पासून लागोपाठ तीन वर्षे आताच्या मध्य प्रदेशातल्या सागर भागात गारपीट, अवर्षण आणि तांबेऱ्याने गव्हाचे पीक बुडाले, फक्त हीच डाळ तगली, लोकांनी तिच्यावरच दिवस काढले आणि 1833 च्या सुमारास तरुण माणसांचे कमरेखालचे अंग लुळे पडू लागले, असे विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवून ठेवले आहे. रीवा संस्थानात वेठीच्या मजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ दिली जात असे, आणि तिथेही अधू झालेल्या माणसांची संख्या मोठी होती. पुढे 1961 मध्ये केंद्राच्या नियमाने तिच्या विक्रीवर बंदी आली.

आता दुसरी बाजू पाहा. पूर्व विदर्भात आणि शेजारच्या छत्तीसगडमध्ये लोक ही डाळ पिढ्यान्‌पिढ्या भात, भाजी आणि इतर डाळींच्या जोडीने खात आले आहेत. पश्चिम बंगालने ती बंदी लागूच केली नाही. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला आणि 2008 मध्ये महाराष्ट्राने ती उठवली. रतन, प्रतीक आणि महातिवरा हे कमी ओडॅपचे वाणही संशोधकांनी दिले आहेत. मग ही डाळ विषारी आहे की नाही? या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तरच नाही. दोन-तीन महिने रोजच्या आहाराचा मोठा हिस्सा म्हणून तीच खाल्ली, सोबत दुसरे धान्य किंवा भाजीपाला नसला, तर ती माणसाला पांगळे करू शकते. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले की त्या द्रव्याचा बराचसा भाग निघून जातो, आणि मिश्र आहारात अधूनमधून खाल्ली तर पाय जाण्याचा धोका राहत नाही. स्लीमनने पाहिलेली गावे अधू झाली ती दुष्काळाने आणि रीव्याचे मजूर अधू झाले ते मजुरीच्या रीतीने. डाळीतले द्रव्य त्यांना भोवले ते त्यांच्या ताटात दुसरे काही उरले नव्हते म्हणून.

याच कारणाने खाण्याविषयीचा कोणताही घाबरवणारा संदेश आला की मी आधी पाहतो ते असे की त्यात प्रमाण सांगितले आहे का, किती दिवस खाल्ल्यावर काय होते हे सांगितले आहे का, आणि कोणाला होते हे सांगितले आहे का. बहुतेक संदेशांत यातले काहीच नसते. मिठाचे पाहा. मिठाच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात पोटॅशियम फेरोसायनाइड घालतात हे खरे आहे, आणि नावात सायनाइड आहे म्हणून लोक घाबरतात. यातला सायनाइड लोहाशी इतका घट्ट बांधलेला असतो की पोटात तो सहजी सुटत नाही. भारतीय नियमानुसार एका किलो मिठात हे द्रव्य 10 मिलिग्रॅमहून जास्त असू नये. माणूस दिवसाला 10 ग्रॅम मीठ खात असेल, तर त्यातून त्याच्या पोटात जास्तीत जास्त 0.1 मिलिग्रॅम जाईल. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने आयुष्यभर रोज चालेल अशी जी मर्यादा ठरवली आहे, ती 50 किलोच्या माणसासाठी 1.25 मिलिग्रॅम होते. ती गाठायला रोज 125 ग्रॅम मीठ खावे लागेल. उलट, जागतिक आरोग्य संघटनेने रोजच्या मिठाची मर्यादा 5 ग्रॅमच्या आत सांगितली आहे. म्हणजे 10 ग्रॅम खाणाऱ्याचा रक्तदाब वाढण्याचा धोका त्या गुठळीरोधकापेक्षा मिठामुळेच कितीतरी अधिक आहे. हे गणित शाळकरी मुलाला जमण्यासारखे आहे, पण संदेश लिहिणारा ते करत नाही, कारण बहुतेकदा त्याच संदेशाच्या शेवटी महागड्या सैंधवाची जाहिरात असते. त्या सैंधवात आयोडीन घातलेले नसले तर घरात गलगंडाचा जुना धोका परत येतो, याचा उल्लेखही तिथे नसतो.

आणखी एक गोष्ट कर्करोगाच्या संदेशांविषयी सांगावीशी वाटते. 'जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगकारक ठरवले' हे वाक्य वाचले की विषय संपला असे लोकांना वाटते. त्या संघटनेची कर्करोग संशोधन संस्था पदार्थांचे जे गट करते, ते पुरावा किती भक्कम आहे यावरून करते. धोका किती मोठा आहे यावरून करत नाही. 2023 मध्ये अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याला 'शक्यता आहे' अशा गटात टाकले गेले, तेव्हा केवढा गहजब झाला. त्याच गटात कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही आहे. पहिल्या गटात, म्हणजे जिथे पुराव्याबद्दल शंकाच उरलेली नाही अशा गटात, तंबाखू आहे आणि सुपारीही आहे. पन्नीत घोटलेला खर्रा म्हणजे या दोन्ही गोष्टी एकत्र. आमच्या गावातली पंधरा-सोळा वर्षांची पोरे खर्रा खातात, त्यांची तोंडे उघडेनाशी होतात, आणि गटावर चर्चा चालते ती मिठाची. हे पाहून फार वाईट वाटते.

आपल्या गावात कोणते संदेश फिरत आहेत आणि आपण त्यांची पडताळणी कशी करता, हे कृपया लिहावे. नुसते ऐकीव लिहू नये. जे पाहिले, मोजले किंवा विश्वासार्ह ठिकाणी वाचले ते लिहिले तर सगळ्यांना उपयोग होईल.

गवळाऊ (आर्वी, जि. वर्धा)

गुरुजी, दुधाविषयी लिहितो, कारण आमचे घर दुधावर चालते. भेसळ थांबली नाही तर 2025 पर्यंत 87 टक्के भारतीयांना कर्करोग होईल असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिल्याचा संदेश वर्षानुवर्षे फिरत होता. असा कोणताही इशारा दिलेला नाही, हे त्या वेळीच स्पष्ट करण्यात आले होते. 2025 उलटून गेले, तरी तोच संदेश आकडा किंवा साल बदलून पुन्हा येईल याची मला खात्री आहे.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले होते. त्यात डिटर्जंट, युरिया वगैरे भेसळीमुळे खाण्यास असुरक्षित ठरलेले नमुने फक्त 12 निघाले. भेसळ नाहीच असे मी म्हणत नाही. पाणी घालणारे, साखर घालणारे आहेतच आणि त्यांना शिक्षा झाली पाहिजे. पण त्याच तपासणीत 368 नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-1 मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि याविषयी आमच्या गटावर कधी एक अक्षर आले नाही. हे विष कुणी दुधात घालत नाही. ढेप (सरकीची पेंड), मका किंवा शेंगदाण्याची पेंड ओलसर जागी राहिली की तिच्यावर बुरशी धरते, ती जनावराच्या पोटात जाते आणि तिचे विष रूप बदलून दुधात उतरते. दूध उकळून ते जात नाही.

पावसाळ्यात सरकी ढेपेचे पोते फोडले की वरून चांगली दिसणारी ढेप तळाशी गोळा झालेली असते. गोळा फोडला तर आत हिरवट-पिवळी बुरी आणि हाताला किंचित उबट लागते, वासही कुबट येतो. पूर्वी असली ढेप चांगल्या ढेपेत मिसळून संपवण्याची रीत होती, कारण पोत्याचा भाव पाहता फेकवत नाही. आता आम्ही पोती जमिनीवर न ठेवता लाकडी पाट्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवतो आणि पावसाळ्यापुरती एकदम साठवण करत नाही. डिटर्जंटच्या भीतीने ग्राहक आमच्यासारख्या ओळखीच्या गवळ्याकडे वळला, हे आमच्या फायद्याचेच झाले. पण ओळखीच्या गवळ्याची ढेप कुठे ठेवलेली असते हे मात्र आजवर एकाही ग्राहकाने विचारलेले नाही.

काळी माती (दारव्हा, जि. यवतमाळ)

मोहफूल गुरुजींचा लेख मनापासून वाचला, तरी मला त्यात एक उणीव जाणवते. लोक उगाच घाबरत नाहीत. ज्यांनी सुरक्षित आहे म्हणून सांगितले, त्यांनीच अनेकदा फसवले आहे. वनस्पती तुपाचे पहा. घरोघरी डब्यांतून ते आले, लग्नाच्या पंगती त्यावर झाल्या, आणि पुष्कळ वर्षांनी कळले की त्यातली ट्रान्स चरबी हृदयाला घातक आहे. आपल्या देशात तिची मर्यादा 2 टक्क्यांवर यायला जानेवारी 2022 उजाडावा लागला. अमेरिकेत साखर उद्योगाने 1960 च्या दशकात विद्यापीठातल्या संशोधकांना पैसे देऊन साखरेवरचा दोष चरबीकडे वळवला, आणि हे बाहेर यायला 2016 साल उजाडले. मग आज मिठाबद्दल, बीटीबद्दल किंवा राशनच्या तांदळाबद्दल समिती काय म्हणते, यावर शेतकऱ्याने का विश्वास ठेवावा? माझ्या मते खात्री नसेल तेव्हा घाबरलेलेच बरे. चार वस्तू सोडल्या म्हणून कुणाचे नुकसान होत नाही.

आमच्या जिल्ह्याला विष म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही, हेही नम्रपणे नमूद करतो.

मोहफूल

काळी माती भाऊ, आपला आक्षेप मोलाचा आहे आणि त्याला वरवरचे उत्तर देणे योग्य होणार नाही. वनस्पती तूप आणि साखर ही दोन्ही उदाहरणे खरी आहेत. कंपनीने पैसे दिलेले संशोधन अधिक कडकपणे तपासावे हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु ट्रान्स चरबीचा दोष कसा उघड झाला तेही पाहावे. हजारो माणसांचा आहार वर्षानुवर्षे नोंदवून, त्यांच्या रक्तातले बदल मोजून आणि निष्कर्ष पुन्हा पुन्हा तपासून तो उघड झाला. साखर उद्योगाचे कृत्यही संशोधकांनी जुना पत्रव्यवहार शोधून, तो छापून सिद्ध केले. म्हणजे फसवणूक पकडली गेली ती मोजणी आणि कागदपत्रांच्या बळावर. गटावर आलेल्या संदेशामागे ना मोजणी असते ना कागद, आणि तो चुकीचा ठरला तर जाब विचारायला लेखकही सापडत नाही.

'चार वस्तू सोडल्या म्हणून नुकसान होत नाही' हे मात्र मला पटत नाही. ज्या घरात भाजी आठवड्याच्या बाजारातून येते आणि डाळ पातळ करून पुरवावी लागते, त्या घराने सोयाबीन पुरुषांना वाईट म्हणून सोडले, अंडी प्लास्टिकची म्हणून सोडली, दूध विषारी म्हणून लेकरांना देणे बंद केले, तर त्यांच्या ताटात प्रथिने कुठून येणार? सोयाबीनने पुरुषांचे संप्रेरक घटते असे माणसांवरच्या चाचण्यांतून दिसून आलेले नाही. कच्चे सोयाबीन मात्र खाऊ नये, कारण त्यात प्रथिनांचे पचन अडवणारे द्रव्य असते आणि ते नीट शिजवल्यावरच निष्प्रभ होते. ज्या पिकाच्या भावासाठी आपण बाजार समितीत भांडतो, तेच पीक ताटात घ्यायला आपण घाबरतो, ही परिस्थिती मला खटकते.

आणि आपल्या जिल्ह्याविषयी आपण जे लिहिले, त्याबद्दल. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती माणसे भाजीतल्या अंशाने गेली नाहीत. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, उकाड्यात, तोंडाला धड कापडही न बांधता तास न्‌ तास फवारा अंगावर घेतल्याने ती गेली. 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेचे जेवण खाऊन 23 मुले मेली, कारण त्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. भाजीतल्या कीटकनाशकाच्या अंशावर नियंत्रण हवेच, पण ज्या विषाने आपली माणसे डोळ्यांदेखत गेली ते आपल्या गोठ्याच्या कोपऱ्यात आणि माळ्यावर ठेवलेले असते. कितीतरी घरांत औषधाचे रिकामे डबे धुऊन पाण्यासाठी, तेलासाठी, बियाण्यासाठी वापरतात. हे मी माझ्या तालुक्यात पाहिले आहे. सगळ्याच वस्तूंना सारखेच घाबरणारा माणूस या डब्यालाही तेवढाच घाबरतो, म्हणजे खरे तर पुरेसा घाबरत नाही.

खोब्रागडीकाठ (कुरखेडा, जि. गडचिरोली)

मी अंगणवाडीत काम करते. प्लास्टिकच्या तांदळाविषयी लिहिते. पोषणयुक्त तांदूळ आमच्या तालुक्यात आणि भामरागडमध्ये प्रायोगिक तत्त्वावर इतरांच्या आधी आला, त्यामुळे ही भीतीही आमच्याकडे लवकर आली. बाया तांदूळ धुवायला घेत, काही दाणे वर तरंगताना दिसत, रंगाने थोडे पिवळट आणि जरा जास्तच गुळगुळीत. मग ते दाणे निवडून निवडून फेकले जात. म्हणजे सरकारने ज्यासाठी खर्च केला, नेमके तेच उकिरड्यावर जात होते.

मी बैठकीत भाषण दिले नाही. त्या तरंगणाऱ्या दाण्यांतले मूठभर वेगळे काढले, वाटीत गरम पाणी घालून ठेवले आणि थोड्या वेळाने बायांच्याच हाताने चिरडायला लावले. पिठासारखे मऊ झाले. उरलेले तव्यावर टाकले, तर वितळले नाहीत, भाजलेल्या तांदळासारखे करपले. मग सांगितले की हे दाणे तांदळाच्याच पिठात लोह, फोलिक आम्ल आणि ब-12 जीवनसत्त्व मिसळून, यंत्रातून दाण्याच्या आकारात काढलेले असतात आणि शंभर दाण्यांमागे साधारण एक या प्रमाणात साध्या तांदळात मिसळतात. भाताचा गोळा करून जमिनीवर आपटला की उसळतो, म्हणून तो प्लास्टिकचा, असा एक व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला होता. एका म्हाताऱ्या बाईने आपल्या घरच्या, स्वतःच्या बांधीतल्या तांदळाचा गोळा करून आपटला. तोही उसळला, कारण तो चिकट पिठूळपणा भाताच्या स्वभावातच आहे. त्या बाईचे बोलणे माझ्यापेक्षा जास्त जणींनी ऐकले.

तरी एक शंका मला खरोखरच आहे आणि तिचे उत्तर मी बायांना देऊ शकले नाही. आमच्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुले आहेत. लोह वाढवलेला तांदूळ त्यांना चालतो का? पूर्वी पोत्यावर तशी सूचना असायची.

औषधालय (ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

ताई, आपली शंका अगदी योग्य आहे आणि ती प्लास्टिकच्या अफवेसोबत एकाच टोपलीत टाकू नये. 2018 च्या नियमांनुसार लोहयुक्त खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर थॅलेसेमियाच्या रुग्णांनी वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे आणि सिकलसेलच्या रुग्णांनी टाळावे, अशा आशयाची सूचना असे. पुढे तज्ज्ञांच्या समितीने विचार करून तांदळाच्या बाबतीत ती सूचना आवश्यक नाही असे मत दिले आणि ती काढण्यात आली. त्यामागचे गणित असे : एका किलो पोषणयुक्त तांदळात लोह 28 ते 42.5 मिलिग्रॅम असते. रोज 250 ग्रॅम तांदूळ खाणाऱ्याला त्यातून 7 ते साडेदहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळते. राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढ पुरुषासाठी रोज 19 आणि स्त्रीसाठी 29 मिलिग्रॅमची शिफारस केलेली आहे. म्हणजे ही मात्रा औषधाची नसून आहाराची आहे.

तरीही ज्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यांच्या शरीरात त्या रक्तातूनच लोह साठत जाते. अशा मुलांची फेरिटिनची (शरीरात साठलेल्या लोहाची) तपासणी झाली आहे का, हे पाहावे आणि तांदळाविषयीचा निर्णय त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्यावा. नुसता वाहक असलेल्या, म्हणजे एएस असलेल्या मुलाने घाबरण्याचे कारण नाही. ही दोन प्रकारची मुले वेगळी ओळखण्यासाठी आपल्या नोंदवहीतला एएस (वाहक) आणि एसएस (आजार असलेले) यांचा रकाना नीट भरलेला असणे फार आवश्यक आहे.

दुकानात बसून मला दुसऱ्याच प्रकारच्या संदेशांची जास्त धास्ती वाटते. घाबरवणाऱ्या संदेशाचा जोडीदार म्हणून बरे करणारा संदेश येतो. आधी सांगतात की गोळ्यांनी मूत्रपिंड निकामी होते, आणि मग अमुक काढा घ्या म्हणजे मधुमेह मुळासकट जाईल. एक गृहस्थ इन्सुलिन बंद करून काढा घेत होते आणि साखर इतकी वाढली की त्यांना बेशुद्धावस्थेत नागपूरला न्यावे लागले. ते वाचले. जो संदेश चालू औषध बंद करायला सांगतो, तो कुणीही पाठवलेला असो, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय अमलात आणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रेतीवरची वाडी (पवनी, जि. भंडारा)

आम्ही वैनगंगेच्या रेतीत टरबूज लावणारे. दरवर्षी उन्हाळा लागला की इंजेक्शनचा व्हिडिओ हमखास येतो. टरबुजाला सुई टोचली तर त्या छिद्रातून जंतू आत जाऊन उन्हात ते फळ दोन-तीन दिवसांत आंबते. ज्या फळाला बाजारात जायलाच दोन दिवस लागतात, त्याला कोण टोचेल? आणि रंग टोचला तरी तो सगळ्या गरात सारखा पसरणार नाही. आतला पांढरा-पिवळा धागा म्हणजे रसायन असेही सांगतात. तो फळाचा स्वतःचा धागा असतो. हे सगळे गिऱ्हाइकाला पटवता पटवता फळ उतरते. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून कोरोना होतो या अफवेने कुक्कुटपालकांचे पक्षी मातीमोल भावाने गेले आणि अनेकांनी जिवंत पक्षी पुरले, हे सगळ्यांना आठवत असेल. घाबरलेले बरे, असे म्हणणाऱ्या भाऊंनी त्या कर्जाचा हप्ता कोण भरतो याचाही विचार करावा.

मात्र आंबा कार्बाइडने पिकवतात हे खरे आहे, त्यावर कायद्याने बंदी आहे, आणि तशी पुडी पेटीत दिसली तर तक्रार करावी. सगळ्यावर ओरडा करू नका म्हणजे कशावरच बोलू नका, असा अर्थ कुणी घेऊ नये.

काळी माती

सर्वांचे प्रतिसाद वाचले. पवनीच्या भाऊंना एवढेच सांगतो की माझा रोख शेतकऱ्यावर कधीच नव्हता. सरकीच्या तेलाविषयी माझी शंका कायम आहे. बीटी वाण 2002 मध्ये आले आणि तेव्हापासून आमच्या जनावरांच्या पोटात तीच ढेप जाते आहे. त्याचा परिणाम काय, हे आम्हाला कुणी येऊन समजावून सांगितलेले नाही.

मोहफूल

तेलापुरते उत्तर देता येईल. बीटीचे जे काही आहे ते प्रथिन आहे, आणि शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ राहतच नाही. ते प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात, तिथल्या विशिष्ट जागी चिकटून काम करते. माणसाच्या आम्लधर्मी जठरात ते इतर प्रथिनांसारखे पचते. सरकीत खरा विषारी घटक आहे तो गॉसिपॉल. तो देशी सरकीतही होता आणि बीटीतही आहे, आणि तेल शुद्ध करताना तो काढला जातो. म्हणून गावातल्या घाण्यावर काढलेले कच्चे सरकी तेल नैसर्गिक म्हणून कुणी खाण्यासाठी विकत असेल, तर ते घेऊ नये. ढेपेविषयी सांगायचे तर मोठ्या जनावरांच्या पोटात गॉसिपॉलचा जोर बराच कमी होतो, पण लहान वासरांना ढेप जपूनच द्यावी. बीटीने शेतकऱ्याच्या खर्चाचे आणि बोंडअळीचे काय झाले, हा प्रश्न फार मोठा आहे आणि त्यावर आपले-माझे एकमत होण्याची शक्यता आहे, पण त्याचा ताटाशी संबंध जोडू नये असे मला वाटते.

काळी माती

बीटीवर वेगळा धागा काढतो, तिथे सविस्तर बोलू. औषधाच्या रिकाम्या डब्यांचा मुद्दा मात्र मी आमच्या गटावर टाकला आहे. पहिले उत्तर आले ते असे की डबा तीनदा पाण्याने विसळून ते पाणी फवारणीच्याच पंपात ओतावे आणि डब्याला आरपार भोक पाडावे, म्हणजे त्यात पुन्हा कुणाला काही भरता येणार नाही. हे आम्ही या हंगामापासून करू. पण भोक पाडलेले डबे द्यायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. भंगारवाला ते घेऊन जातो आणि पुढे त्यांचे काय होते ते कळत नाही. कुणाच्या तालुक्यात असे डबे गोळा करून घेण्याची नीट सोय असेल, तर ती कशी चालते ते कृपया इथे लिहावे.